मुऐदरच्या गच्चीवरून व्हॅलेटा

आधी हातातला कप खाली ठेवा. मागे हा किस्सा सांगत असताना आमच्या साडूंच्या नाकातून चहा आला होता आणि नवा गालिचा धुवायला टाकावा लागला होता. ठेवलात? मग ऐका. कतारमध्ये मी बरीच वर्षं काढली, पण माझी जी काही शोभा झाली ती एका सहलीपायी. आणि सहल तरी केवढी? चार दिवसांची!

दोह्यात मी एका बांधकाम कंपनीत परचेस ऑफिसर होतो. खिळ्यापासून क्रेनपर्यंत सगळी खरेदी माझ्या हातून व्हायची. तीन कोटेशनं घेतल्याशिवाय काही घ्यायचं नाही, ही सवय हाडीमाशी मुरलेली. घरी कोथिंबीर आणायची असली तरी मी तीन दुकानं फिरायचो. तोवर शुभा, म्हणजे आमची सौ., बिनकोथिंबिरीची आमटी उकळून मोकळी झालेली असायची.

तर, आमच्या लग्नाला पंधरा वर्षं होत आली होती. दर वर्षी सुट्टी मिळाली की आम्ही मिरजेला. एका वर्षी धाकट्या बहिणीचं लग्न, एका वर्षी बाबांचा मोतीबिंदू, एका वर्षी घरावर नवे पत्रे. शुभानं कधी तोंडातून ब्र काढला नाही. पण एका शुक्रवारी टीव्हीवर एक गाव दाखवत होते. माल्टा नावाचं बेट आहे ना, इटलीच्या खाली, त्याची राजधानी व्हॅलेटा. चारी बाजूंनी तटबंदी, गुळाच्या रंगाचा दगड, घराघराला लाकडी सज्जे, आणि गल्ल्या अशा उतरत्या की जणू समुद्रातच जाऊन पडतात. शुभा मटार सोलता सोलता थांबली आणि म्हणाली, "असं एक तरी गाव बघायला हवं होतं, नाही?"

'हवं होतं'! आयुष्य संपल्यासारखं! मला इतकं लागलं ते, की काय सांगू. त्याच क्षणी मी ठरवलं, लग्नाच्या पंधराव्या वाढदिवसाला हिला हे गाव दाखवायचं. आणि सांगायचं नाही! मनूची, आमच्या लेकीची, परीक्षा संपली की थेट विमानतळावर नेऊन उभं करायचं.

आता तुम्ही म्हणाल, यात घोटाळा होण्यासारखं काय आहे? अहो, घोटाळा साल निवडण्यात झाला. ते साल होतं २००९. मंदी! दुबईत लोक विमानतळावर गाड्या टाकून, चाव्या आतच ठेवून पळाले, अशा बातम्या रोज कानावर यायच्या. दोह्यात तेवढं नव्हतं, पण आज याचं कॅन्सल झालं, उद्या त्याचं, हे चाललेलं होतंच. कॅन्सल म्हणजे व्हिसा रद्द, नोकरी खलास, बायकापोरं घेऊन गावाकडे. अशा दिवसांत 'मी युरोपला चाललो' असं मिरवणं बरं दिसतं का? म्हणून मी गुप्तता पाळली. आणि मी एखादी गोष्ट लपवायला लागलो की ती आंधळ्यालाही दिसते, असं शुभा म्हणते.

आम्ही राहायचो दोह्याच्या कडेला, मुऐदरमध्ये. तिथल्या एका जुन्या व्हिलाचे मालकानं जिप्समच्या भिंती घालून तुकडे केले होते. त्यातल्या एका तुकड्यात आम्ही आणि शेजारच्या तुकड्यात हनीफभाई परकार. रत्नागिरीकडचे, खेडचे. आमच्याच कंपनीत टाइमकीपर, वयानं माझ्याहून वडील. भिंत इतकी पातळ की मी शिंकलो की पलीकडून त्यांच्या बेगम, झुबेदाभाबी, म्हणायच्या, "सुंठ टाकून चा घ्या!"

व्हिसाला कागद लागतात. पगाराचा दाखला आणि किती वर्षं नोकरी केली त्याचं पत्र. दोन्ही हनीफभाईंच्या टेबलावरून जायचं. मी जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याकडे गेलो, इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणून म्हटलं, "हनीफभाई, हे दोन कागद हवेत. कुणाला कळता कामा नये. शुभाला तर मुळीच नाही."

हनीफभाईंनी हातातला खिमा-पाव खाली ठेवला. 

"कधी ठरला हा?"

"झाले पंधरा दिवस."

"आणि घरात नाय सांगितलास?"

"नाही. शेवटच्या दिवशी सांगणार."

"माधव, बिचारीला धक्का बसेल रे!"

"बसू दे की! त्यातच तर मजा आहे!"

हनीफभाईंचा चेहरा असा झाला, जणू त्यांच्यासमोर मी कोंबडीचं पिल्लू जिवंत गिळलं. मला वाटलं, खिमा तिखट असेल.

बरं, तिथून पुढे मी जे जे केलं ते ते एकावर एक चढत गेलं. खर्चाला जरा आळा घालावा म्हणून दर गुरुवारी आणायचो तो हामूर मासा बंद केला. डाळ आणि कुबूस, म्हणजे तिकडचा चपटा पाव. व्हिसाच्या कचेरीत छाप पडावी म्हणून लग्नातला सूट काढला आणि ऑफिसातून अर्धा दिवस गायब झालो. मंदीच्या काळात सूट घालून गायब होणारा माणूस कुठे जातो? इंटरव्ह्यूला! हे मला सोडून अख्ख्या मुऐदरला कळलं.

आणि मग पायऱ्या. त्या व्हॅलेटात म्हणे गल्ल्या कसल्या, सगळे जिनेच. आणि दोहा म्हणजे तव्यासारखं सपाट! इतक्या वर्षांत चढ म्हणून पाहिला तो फ्लायओव्हरचा, तोही गाडीतून. माझं पोट तेव्हा... जाऊ द्या. तर सराव हवा. आमच्या व्हिलाला गच्चीवर जायला बाहेरून एक लोखंडी जिना होता. रोज संध्याकाळी मगरिबची बांग झाली की मी पाठीला सॅक लावून त्या जिन्यानं वर-खाली करायचो. सामानाचीही सवय हवी म्हणून सॅकमध्ये पाच किलो तांदूळ. आणि तोंडानं पाठांतर. "डावीकडे मोठं चर्च... उजवीकडे बाग... बारा वाजता तोफ... तोफेनंतर फेरीबोट..."

शुभानं तीन-चार दिवस बघितलं. मग विचारलंच.

"अहो, तांदूळ कुठे नेता रोज?"

"ऊन दाखवतो."

"मगरिबनंतर?"

मी हसून वेळ मारून नेली.  त्या रात्री माझ्या डाळीवर तिनं एक चमचा तूप जास्तच वाढलं. मी मनात म्हटलं, बघा, बाईला काहीतरी चांगलं घडणार याची चाहूल लागली वाटतं!

त्याच आठवड्यात जगदाळे आला. साताऱ्याकडचा, आमच्या कंपनीचा ड्रायव्हर. सहा जणांबरोबर एका खोलीत राहायचा. दारात उभा राहून चप्पल पायानंच इकडून तिकडे सरकवत होता.

"सायेब, वाईट वाटून घेऊ नका. पण फ्रिजचं कुणाला बोललाय का?"

"फ्रिजचं? ते कशाला?"

"न्हाई, तुमी निघाल्यावर म्हटलं..."

याला कसं कळलं, असं मला वाटून गेलं. पण ड्रायव्हर लोकांना सगळंच कळतं. चार दिवस फ्रिज रिकामा पडणार, बिचाऱ्यांना थंड पाणी मिळेल, तर कुठे बिघडलं?

"अरे, खुशाल घेऊन जा! निघाल्यावर आम्हाला काय करायचाय?"

"आन् पैशाचं?"

"पैसे कसले घेऊन बसलास? वापर तू!"

जगदाळेनं वाकून माझ्या पायांना हात लावला. डोळ्यांत पाणी! थंड पाण्यासाठी कुणी पाया पडतं का हो? मी आपला शुभाला म्हटलं, "बॅचलर लोकांचे फार हाल असतात गं." ती म्हणाली, "आपलेही काही कमी नाहीत," आणि पदर डोळ्यांना लावून आत गेली. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही!

आता गच्ची. इथे जरा सावरून बसा.

व्हॅलेटात एक बाग आहे, तटावर, उंच. तिथून खालचं बंदर दिसतं. तिथे शुभाचा फोटो काढायचा हे मी पक्कं केलं होतं. पण कठड्याजवळ तिला कुठे उभं करायचं, मी किती मागे जायचं? तालीम नको? म्हणून एका संध्याकाळी मी आमच्या गच्चीच्या बुटक्या कठड्यावर, पाण्याच्या टाकीशेजारी, चढून उभा राहिलो. दोन्ही हात पसरले. डोळे मिटले. वारा येतोय, खाली जहाजं लागलीत, शुभा हसतेय...

तेवढ्यात झुबेदाभाबी वाळलेले कपडे काढायला वर आल्या. मला बघून त्यांच्या हातातली बादली पडली आणि त्या खाली पळाल्या. दोन मिनिटांत हनीफभाई लुंगी सावरत हजर.

"माधव! माधव, मागं सर रे. हळू. हळूच मागं सर."

"थांबा हो हनीफभाई, इथून कसं वाटतं ते बघतोय."

"काय बघतोस? काय नाय तिथं! पोरीचा तरी विचार कर!"

"केलाय की. तिलाही नेणार आहे."

"या अल्ला! पोरीला पण?"

"मग? तिला एकटीला मागे ठेवू? तिघंही एकदमच जाणार!"

हनीफभाईंनी मला कमरेला मिठी मारली आणि असं मागे ओढलं की आम्ही दोघेही भाबींच्या वाळत घातलेल्या चादरींवर आडवे. चादरीतून डोकं बाहेर काढतो तर हनीफभाई घळाघळा रडताहेत.

"तू काय करू नको. मला जबान दे, काय करणार नाय. मी उद्या स्वतः अबू राशिदकडे जातो. मी बोलतो त्याच्याशी."

अबू राशिद म्हणजे आमच्या कंपनीचे मालक, माझे कफील, म्हणजे स्पॉन्सर. तेव्हा कायदा असा होता की कफीलनं एक्झिट परमिटवर सही केल्याशिवाय मला कतारच्या बाहेर पाऊल टाकता येत नसे. बायको-मुलगी माझ्या स्पॉन्सरशिपवर, त्यांना ती सही लागत नसे. माझं एक्झिट तेवढं राहिलं होतं आणि ते मागायचं कसं, या विवंचनेत मी होतोच. आणि इथे हनीफभाई आपण होऊन म्हणताहेत, मी बोलतो!

"खरंच? एवढं कराल माझ्यासाठी?"

"करीन रे. अल्लाची कसम."

"मग उद्याच करा. दिवस फार थोडे राहिलेत."

हे ऐकून ते अजूनच रडायला लागले. मी त्यांचे खांदे थोपटले. माणसं किती चांगली असतात, एका एक्झिटसाठी एवढा जीव टाकतात, असं वाटून माझंही मन भरून आलं. खोटं नाही सांगत.

दुसऱ्या दिवशी अबू राशिदनी बोलावलं. मी फाइल काखोटीला मारून गेलो. त्यांना हिंदी यायचं, आपलं आखाती हिंदी.

"माधाव. हनीफ आया. बहुत रोया. बोला, माधाव को मत निकालो, इसका छोटा बच्चा है. मैं बोला, मैंने किधर निकाला? तुमको किसने निकाला?"

तेव्हा, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात एकेक दिवा लागायला लागला. दाखले. सूट. हामूर. जगदाळेचा नमस्कार. गच्ची! अरे देवा, गच्ची! मी खो खो हसत सुटलो. अबू राशिद हसले नाहीत.

"सर, कुणी काढलं नाही. मी चार दिवस फिरायला चाललोय. माल्टाला. बायकोला सरप्राइज आहे, म्हणून लपवलं."

"चार दिन?"

"चार दिन."

"माल्टा में क्या है?"

आता परचेस ऑफिसरला असं विचारल्यावर तो काय करणार? मी फाइल उघडून त्यांच्यासमोर ठेवली. स्पायरल बाइंडिंग केलेली, रंगीत खुणा घातलेली, पुढे अनुक्रमणिका. महिनाभर खपलो होतो तिच्यासाठी. मला वाटलं, माणूस खूश होईल, पगार वाढवेल.

अबू राशिद चष्मा लावून एकेक पान उलटायला लागले. आधी हॉटेलं, तीन कोटेशनं. मान हलली. मग बसचं वेळापत्रक, उन्हाळ्याचं आणि हिवाळ्याचं. मान थांबली. मग वाणसामानाचं दुकान. धोब्याचे दर. औषधाचं दुकान. मग एक शाळा.

"चार दिन में स्कूल?"

"ती जुनी इमारत आहे, सर. तिथे नाइट लोकांचं, शिलेदारांचं राज्य होतं त्या वेळची. बघण्यासारखी."

त्यांनी पुढचं पान उलटलं. बोट ठेवलं.

"और ये डेंटिस्ट? ये भी पुराना?"

आता काय सांगू? मनूची दाढ अधूनमधून दुखायची हो! सावधगिरी म्हणून तीन डेंटिस्टांची नावं घेऊन ठेवली होती. तीन का, ते तुम्हाला ठाऊकच आहे.

अबू राशिदनी फाइल मिटली.

"माधाव, मैं तीस साल बिझनेस करता. चार दिन जानेवाला आदमी टूथब्रश लेके जाता है. डेंटिस्ट लेके नहीं जाता."

"सर, कसम से..."

"पिछला महीना एक आदमी, दूसरा कंपनी का, बोला एक हफ्ता छुट्टी. बीवी गया, बच्चा गया, बँक का लोन भी गया. गाडी मतार पे खडा है अभी तक." मतार म्हणजे विमानतळ. "तुम अच्छा आदमी. मैं जानता. लेकिन पूरा घर जाएगा, तो मैं एक्झिट नहीं देगा. आधा घर इधर, आधा घर उधर. तुम जाओ, फॅमिली इधर. मैं अभी साइन करता. कौन जाएगा, कौन रहेगा, घर में पूछो. खलास."

तिकिटं काढलेली. परत न होणारी. कारण तीन कोटेशनांत तीच सगळ्यात स्वस्त होती!

घरी गेलो तर हॉलमध्ये खोकी. शुभा भांडी वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात भरत होती. मनू पुस्तकं बांधत होती. मला बघून शुभा उठली, पाण्याचा तांब्या आणला आणि म्हणाली, "बसा. मला सगळं माहीत आहे."

"कुणी सांगितलं?"

"भाबींनी. पंधरा दिवस झाले. मी वाट बघत होते, तुम्ही कधी सांगताय." तिचा आवाज अगदी शांत होता. "काही बिघडत नाही. माझं दादाशी बोलणं झालंय. मिरजेत त्याच्या ओळखीच्या लाकडाच्या वखारीत हिशेबाचं काम आहे. आपण राहू तेवढ्यात. फक्त एकच लागलं हो मला. पंधरा वर्षं झाली, आणि मला सांगावंसं नाही वाटलं तुम्हाला? एकटेच जिना चढत बसलात?"

आणि ती रडली. मी माझ्या आयुष्यात पुष्कळ वेळा बावळटासारखा उभा राहिलोय, पण त्या दिवशीइतका नाही. पंधरा दिवस ही बाई माझ्या पानात तूप वाढत होती आणि आत एकटी रडत होती. आणि मी? मी तांदळाला ऊन दाखवत होतो! मला स्वतःचा इतका राग आला की मी सरळ तिघांचे पासपोर्ट तिच्या हातात ठेवले.

तिनं उघडले. व्हिसा बघितला. पुन्हा बघितला.

"हे काय?"

"व्हॅलेटा. ते गाव. टीव्हीवरचं. तू मटार सोलत होतीस ना..."

आधी ती नुसती बघत राहिली. मग हसली. मग पुन्हा रडली. मग हातातला वर्तमानपत्रात गुंडाळलेला झारा तिनं मला फेकून मारला. मनू कपाळाला हात लावून म्हणाली, "बाबा, यू आर अनबिलीव्हेबल!" आणि भिंतीपलीकडून हनीफभाईंचा आवाज आला, "अल्हमदुलिल्ला! म्हणजे नोकरी हाय?"

"आहे!"

"मग मी अबू राशिदकडे रडला कशाला?"

तेच तर! मग मी सगळ्यांना, म्हणजे भिंतीलाही ऐकू जाईल अशा आवाजात, फाइलीतल्या डेंटिस्टपासून अबू राशिदच्या अटीपर्यंत सगळं सांगितलं. अर्धं घर इकडे, अर्धं घर तिकडे. 

मला वाटलं, आता शुभा म्हणेल, 'तुमच्याशिवाय कसलं व्हॅलेटा? राहू दे ते.' मग मी म्हणणार होतो, 'नाही गं, पुढच्या वर्षी नक्की.' मग दोघंही डोळे पुसणार होतो. माझी वाक्यं तयार होती.

शुभानं शांतपणे डोळे पुसले आणि विचारलं, "म्हणजे एक जण इथे राहिला की झालं?"

"हो."

"आणि आम्हाला दोघींना सही लागत नाही?"

"नाही."

"मग तुम्ही राहा."

मी आजूबाजूला बघितलं, कुणी तरी माझी बाजू घेईल म्हणून. मनू माझी सॅक रिकामी करत होती. पाच किलो तांदूळ परत डब्यात!

"अगं, पण तुला एकटीला जमेल का? परका देश, परकी माणसं..."

"त्यात काय? डेंटिस्ट कुठे आहे ते कळलंय ना आता."

झालं. निघायच्या दिवशी जगदाळेनं पिकअपमधून आम्हाला विमानतळावर नेलं. दोघी हात हलवत आत गेल्या. एकदाही मागे वळून बघितलं नाही हो, कारण मनूला म्हणे खिडकीची जागा हवी होती. मी बाहेर उभा. परत घरी आलो, तर जगदाळे माझ्या मागोमाग आत आला, दोन माणसं घेऊन, आणि फ्रिज उचलून पिकअपमध्ये चढवला. मी अडवणार कुठल्या तोंडानं? स्वतःच म्हणालो होतो, वापर तू! जाताना पुन्हा पाया पडला.

ते चार दिवस मी हनीफभाईंच्या जिवावर काढले. त्यांना इतकं अपराधी वाटत होतं की सकाळ-संध्याकाळ भिंतीवर टकटक व्हायची आणि झुबेदाभाबी ओरडायच्या, "जेवायला या हो!" सुरमई, कोलंबी, भाकरी. मी नको म्हटलं तर हनीफभाई म्हणायचे, "खा रे, माझ्या रडण्याचा पाप हाय, मला फेडू दे."

आणि व्हॅलेटा? अहो, मी दोह्यातून त्यांना फिरवणार होतो! जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरलेला, कानाला मोबाइल.

"आता त्या चर्चच्या दारात उभी आहेस ना? डावीकडे वळ."

"डावीकडे आइस्क्रीमवाला आहे."

"त्याच्यापुढे जा."

"थांबा हो, मनूचं खाऊन होऊ दे."

माझ्या कार्यक्रमात त्या दिवशी सात ठिकाणं होती. दोघी बंदरावरच्या त्या बागेत बसून राहिल्या, चीज भरलेल्या गरम करंज्या खात. दुपारभर! वर शुभा मलाच सांगते, "ऐका ना, इथली भाषा निम्मी दोह्यासारखीच आहे. मी बेकरीत 'खुब्ज' म्हटलं तर बाईनं बरोबर पाव काढून दिला! तुमच्या फाइलीत हे कसं नाही?" नव्हतं खरं. डेंटिस्ट होते, हे नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं एकदम फोन केला आणि म्हणाली, "काही बोलू नका. नुसतं ऐका." पलीकडे वारा, माणसांची कुजबुज, कुठे तरी समुद्रपक्षी. आणि मग धडाम! बाराची तोफ. मी बिनफ्रिजच्या स्वयंपाकघरात उभा, कानात माल्टाची तोफ.

"ऐकू आली?" तिनं विचारलं. तिचा आवाज असा होता, लग्न ठरलं तेव्हा होता तसा.

"आली," मी म्हटलं. आणि काय सांगू, मला एकदम बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, थोडं रडूही आलं. भिंतीपलीकडून हनीफभाईंनी विचारलं, "काय फुटला रे?"

आता आम्ही मिरजेला असतो. व्हॅलेटाला जाणारं कुणी भेटलं की लोक त्याला माझ्याकडे पाठवतात, कारण गावात त्या शहराची एवढी माहिती दुसऱ्या कुणाला नाही. मी आरामखुर्चीत बसून सांगतो, अमुक जिन्यानं चढू नका, दम लागतो, तमुक बाजूनं जा, सावली असते. परवा एक नवीन जोडपं आलं होतं. मुलगी अगदी भारावून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "काका, किती बारकाईनं बघितलंय तुम्ही! तुम्हाला स्वतःला तिथलं सगळ्यात काय आवडलं?"

मी घसा खाकरला, खुर्चीत जरा सरळ बसलो. पण माझं तोंड उघडायच्या आत स्वयंपाकघरातून शुभाचा आवाज आला.

"अगं, त्यांना काय विचारतेस? त्यांना गहाण ठेवून तर आम्ही दोघी गेलो होतो!"